तीन शिंकांचा इलाज

एका गावात एक भोळा योगशिक्षक होता. गाव मेक्सिकोत होतं, शिक्षक मिरजेचा होता, आणि तो दुसरातिसरा कुणी नसून मीच होतो. 'भोळा' हा शब्दही मीच घातला आहे. गावातले लोक वेगळा शब्द वापरायचे. पण ती सभ्य माणसं. मी खोलीबाहेर गेल्यावर वापरायची.

मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. गल्लीगणिक दवाखाना. त्या गावात मी अडतीस वर्षं काढली आणि एकदाही आजारी पडलो नाही. निघताना आत्या म्हणाली, "मुरलीधर, परक्या देशात चालला आहेस. तिथला डॉक्टर सांगेल ते अक्षर न् अक्षर ऐक. स्वतःचं डोकं चालवू नकोस."

डोकं न चालवणं मला कधीच जड गेलेलं नाही.

मेक्सिकोतल्या सान इसिद्रोत मी राहायचो ते ओफेलियाबाईंकडे. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. तिथे त्यांना आदराने 'दोन्या ओफेलिया' म्हणतात, पण त्यांच्या हातात खडू नसतानाही तो दिसायचा, म्हणून मी मनात 'बाई'च म्हणायचो. मला सगळे 'माएस्त्रो मुर्ली' म्हणत. माएस्त्रो म्हणजे गुरुजी. तिथे गवंड्यालाही माएस्त्रो म्हणतात आणि गाडी दुरुस्त करणाऱ्यालाही. तेव्हा मला फार चढून जायचं कारण नव्हतं.

येत्या रविवारी नगरपालिकेच्या हॉलमध्ये माझं प्रात्यक्षिक होतं. त्या दिवशी तीस जणांनी नावं दिली तर वर्षभराचा वर्ग माझा. नाही दिली तर मी परत मिरजेला, थोरल्या भावाच्या टायरच्या दुकानात. दादाने माझ्यासाठी तिथे स्टूलही आणून ठेवलं होतं. दर फोनला तो स्टुलाची खुशाली कळवायचा. मला ते स्टूल नको होतं. सगळ्या मिरजेला सांगून आलो होतो की मी योगावर जगून दाखवीन.

ओफेलियाबाईंनी गावभर पोस्टर लावली. त्यावर माझा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरं: 'आजारी पडायचं नसेल तर या.'

सोमवारी मी हॉल झाडत होतो. चार वर्षं तिथे केरसुणी फिरली नव्हती. मला तीन शिंका आल्या.

ओफेलियाबाई दारातच उभ्या होत्या. "अहो माएस्त्रो! रविवार तोंडावर आलाय. शिंकणारा योगशिक्षक कोण बघायला येईल? आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा."

कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं आणि दुकानातच डॉक्टरांची खोली. मधे एक दार. दुकानाच्या काचेवर माझंच पोस्टर. मी पोस्टरला पाठ दाखवून आत शिरलो.

डॉक्टर रामिरो तरुण होते आणि स्वभावाने फार गोड. कुणाला रिकाम्या हाताने पाठवणं त्यांना जमायचंच नाही. आपल्याकडे माहेरवाशिणीची ओटी भरतात तशी ते पेशंटची भरायचे.

"किती शिंका?"

"तीन."

"मोठ्या?"

"मध्यम."

ते लिहू लागले. एक गोळी शिंकेची. एक, शिंक घशात उतरली तर. एक, घशातून छातीत गेली तर. दोन ताकदीच्या. एक झोपेची. आणि एक, या सहा गोळ्यांपासून पोटाचं रक्षण करण्यासाठी.

"प्रत्येक गोळी जेवणानंतर घ्यायची," ते म्हणाले.

मी हे पक्कं गाठीला बांधलं. सात गोळ्या. म्हणजे सात जेवणं.

नवाला जेवलो, गोळी घेतली. साडेदहाला जेवलो, गोळी घेतली. मक्याच्या टॉर्टिया, घेवड्याची उसळ, पुन्हा टॉर्टिया, पुन्हा उसळ. ओफेलियाबाईंचा चेहरा आनंदाने फुलला. इतक्या वर्षांत त्यांच्या स्वयंपाकाला एवढा मान कुणी दिला नव्हता. पाचव्या जेवणाला त्यांनी शेजारणीला बोलावून मला दाखवलं. सातव्या जेवणानंतर मला खुर्चीतून उठता येईना. दोघींनी मिळून उठवलं.

मंगळवारी मी पोट धरून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो माएस्त्रो, असं वेगवेगळं नाही! एकदा जेवायचं आणि सगळं एकदम घेऊन टाकायचं."

"एकदम?"

"एकदम."

मी हे पक्कं गाठीला बांधलं. डॉक्टरांनी चार औषधं वाढवली. त्यात पोट साफ होण्याच्या औषधाची एक मोठी बाटली होती. बाटलीवर लिहिलं होतं, पाच दिवसांसाठी. मी घरी गेलो, जेवलो, आणि बाटली तोंडाला लावली. सगळी. एकदम.

पुढचं वर्णन मुलंही वाचतील म्हणून करत नाही. एवढंच सांगतो, की मंगळवारच्या संध्याकाळी मी सूर्यनमस्काराच्या पहिल्या स्थितीत कधी आलोच नाही. बसलेलाच होतो. ओफेलियाबाई दाराबाहेरून धीर देत होत्या. "माएस्त्रो, आत प्राणायाम चाललाय का?" मी 'हो' म्हटलं. आवाज येत होते, तेव्हा नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

बुधवारी डॉक्टरांकडे गेलो तो भिंत धरत धरत. ये-जा करून करून कमरेत उसण भरली होती.

"अख्खी बाटली?" डॉक्टर उभे राहिले. "अहो, थोडं थोडं घ्यायचं! चमच्याने! दिवसातून तीनदा!"

मी हे पक्कं गाठीला बांधलं. थोडं थोडं, चमच्याने, तीनदा. डॉक्टरांनी ओटी भरली. या वेळी अशक्तपणाची पावडर होती आणि कमरेसाठी मलमाची डबी.

मलम मी दुपारच्या जेवणाबरोबर घेतलं. चमच्याने. थोडंच. चव पहिल्यांदा थंडगार लागली. मग जिभेला कुणी आतून चुना लावला असं वाटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

ओफेलियाबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी पदर नसताना पदर शोधला आणि शेवटी ॲप्रनने डोळे टिपले. "माझी उसळ खाऊन रडणारा पहिलाच माणूस बघितला," त्या म्हणाल्या आणि मला आणखी वाढलं.

गुरुवारी बोलताना माझी जीभ टाळूला चिकटत होती. डॉक्टरांनी मलमाची अर्धी डबी उघडून बघितली.

"माएस्त्रो," ते हळू आवाजात म्हणाले, "मलम पोटात घेत नाहीत. जिथे दुखतं तिथे. फक्त जिथे दुखतं तिथे."

मी हे पक्कं गाठीला बांधलं. मग त्यांनी तीन दिवसांची तीन इंजेक्शनं लिहून दिली, शक्तीची. मी बाही वर केली. डॉक्टर म्हणाले, "इथे नाही." त्या गावात इंजेक्शन डॉक्टरांनी लिहायचं, दुकानातून आपण घ्यायचं, आणि टोचणाऱ्या बाईकडे घेऊन जायचं. टोचणाऱ्या बाई म्हणजे तोमासाबाई. चर्चमागच्या गल्लीत त्यांच्या दारावर पाटीच होती: 'इथे इंजेक्शन टोचून मिळेल.'

तोमासाबाई पांढरा कोट घालून बसल्या होत्या. हात भाकरी थापणाऱ्या बाईसारखे भक्कम. त्यांनी सुई भरली. मी समोर बसलो आणि जीभ बाहेर काढली.

"हे काय?"

"टोचा," मी म्हटलं. जीभ बाहेर असल्यामुळे ते नीट आलं नाही.

"जिभेवर?"

"जिथे दुखतं तिथे. फक्त तिथेच. डॉक्टरांनी बजावलंय."

तोमासाबाईंनी सुई खाली ठेवली. तीस वर्षांत त्यांनी अर्ध्या गावाला टोचलं होतं, पण जीभ त्यांच्यापुढे पहिल्यांदाच आली होती. मग त्या लहान मुलाशी बोलावं तसं बोलल्या.

"ऐका, बाळा. पांढऱ्या कपड्यातली बाई सुई घेऊन जवळ आली, की एकच करायचं. पाठ फिरवायची. नाडी सैल करायची. वाकायचं. श्वास सोडायचा. लाजायचं नाही, पळायचं नाही आणि मधे हात आणायचा नाही. कळलं?"

मी हे पक्कं गाठीला बांधलं. इतकं पक्कं, की शुक्रवारी त्या सुई शोधायला वळल्या आणि परत फिरेपर्यंत मी वाकलेलो होतो. "शाबास," त्या म्हणाल्या. गावात इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला शाबास म्हटलं. मला भरून आलं.

शनिवारी टोचून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "पण मुळात झालं काय होतं हो तुम्हाला?"

"तीन शिंका."

"कशाने?"

"हॉल झाडत होतो. धूळ उडाली."

तोमासाबाई खुर्चीत बसल्या. माझ्या पिशवीकडे पाहिलं. लिहून दिलेली औषधं आता सोळा झाली होती. मग त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "जा," त्या म्हणाल्या, "हे जाऊन रामिरोला सांगा."

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं.

"धूळ? मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही किती ते विचारलं. कशाने ते विचारलं नाही."

डॉक्टरांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं. इतका गोड माणूस! ते म्हणाले, "सगळं बंद करा. आत्ताच्या आत्ता." मी उठलो. दारापर्यंत पोचलो. तेवढ्यात त्यांना राहवलं नाही. "थांबा, माएस्त्रो," म्हणाले आणि ताकदीची एक बाटली पिशवीत टाकली. सतरा.

घरी येऊन मी सगळं बंद केलं. खिडक्या, गॅस, दिवे आणि पाण्याची मुख्य चावी. ओफेलियाबाई तेव्हा न्हाणीघरात होत्या. डोक्याला साबण होता.

बाहेर आल्यावर त्यांनी आधी सगळं पुन्हा सुरू केलं. मग मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, "उद्या तुमची माझी दोघांची अब्रू पणाला आहे. नगराध्यक्षांना मी शब्द दिलाय. स्टेजवर स्पॅनिशचं एकच वाक्य बोलायचं: 'मी करतो तसं करा, मी म्हणतो तसं म्हणा.' याच्या पुढे स्पॅनिशचा एक शब्द बोलायचा नाही."

मी हेही गाठीला बांधलं.

रविवारी हॉल भरला होता. मी झाडलेला होता, त्यामुळे कुणी शिंकलं नाही. सतरंज्यांवर चाळीस माणसं. पहिल्या रांगेत डॉक्टर रामिरो, शेजारी पिशवी घेऊन, नुसत्या बघायला आलेल्या तोमासाबाई. नगराध्यक्ष खुर्चीत. मी पांढरा झब्बा आणि नाडीची विजार घालून स्टेजवर गेलो. डोळ्यांपुढे स्टूल दिसत होतं.

मी माझं वाक्य म्हटलं. मग हात जोडले. चाळीस जणांनी हात जोडले. मी डावा पाय उचलला. चाळीस डावे पाय उचलले गेले. मी 'ॐ' म्हटलं. चाळीस गळ्यांतून 'ॐ' निघाला, आणि तो इतका सुरेख निघाला की ओफेलियाबाईंनी छातीवर हात ठेवला. आठवडाभरात पहिल्यांदाच सगळं नीट चाललं होतं. मला वाटलं, गेलं ते स्टूल.

तेवढ्यात नगराध्यक्षांच्या पत्नी स्टेजवर आल्या. पाहुण्याच्या छातीवर सन्मानाचा बिल्ला लावायचा होता. रेशमी फितीचा, मोठा, मागे लांब पिन असलेला. बाईंचे कपडे पांढरेशुभ्र. पिन उघडून, टोक वर धरून त्या हसत हसत माझ्याकडे आल्या.

पांढऱ्या कपड्यातली बाई. हातात सुई.

मी पाठ फिरवली. नाडी सैल केली. विजार चार बोटं खाली घेतली. वाकलो. श्वास सोडला.

हॉलमध्ये सळसळ झाली. मी वाकल्या वाकल्या पायांमधून मागे बघितलं. चाळीस पाठी फिरल्या होत्या. कुणी पट्टा सैल करत होतं, कुणी बटण. डॉक्टर रामिरोही. मग सगळे मिळून वाकले आणि सगळ्यांनी श्वास सोडला. वाकल्या नव्हत्या त्या फक्त तोमासाबाई. एवढी मंडळी तयार पाहून त्यांनी सवयीने पिशवीतून कापूस काढला होता.

नगराध्यक्षांच्या पत्नी बिल्ला हातात धरून उभ्या होत्या. त्या संस्कारी बाई. भारतात सन्मान असाच स्वीकारत असतील, तर पाहुण्याचा अवमान कशाला करायचा? त्या जरा वाकल्या आणि बिल्ला तिथेच लावला.

"आई गं!" मी ओरडलो.

"आई गं!" चाळीस जण एका सुरात म्हणाले. इतकं शुद्ध मराठी मी आठ महिन्यांत ऐकलं नव्हतं.

मी घाबरलो. यांना थांबवायला हवं होतं. स्पॅनिश बोलायची बंदी होती, पण मराठीबद्दल ओफेलियाबाई काही म्हणाल्या नव्हत्या. मी विजार धरून वळलो आणि हात हलवत मराठीत ओरडलो, "अहो, तो मंत्र नव्हता!"

चाळीस जणांनी विजारी धरल्या, वळले, हात हलवले.

"अहो, तो मंत्र नव्हता!"

त्या दिवशी एकेचाळीस नावं आली. एकेचाळिसावं नगराध्यक्षांच्या पत्नीचं. दादाने स्टूल दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलं. वर्ग रोज सकाळी सात वाजता भरतो. आधी आम्ही सगळे पाठ फिरवून वाकतो, मग 'आई गं' म्हणतो, आणि शेवटी हात हलवत तीन वेळा, अगदी मनापासून, 'अहो, तो मंत्र नव्हता.'