साळूचं दुसरं दार

समुद्राकाठच्या डोंगरावर माणसं राहायला यायच्या कितीतरी आधी तिथे एका बिळात साळू आणि तिचा नवरा साळोबा राहत होते. बिळाला जाड सालीचं भक्कम दार होतं. पिल्लं झाली तेव्हा साळूने त्याच्या बाहेर हातभर अंतरावर आणखी एक दार लावायचं ठरवलं.

"आपलं दार मोडलंय का?" साळोबाने विचारलं.

"नाही. पण वादळात ते उघडलं, तर वारा थेट पिल्लांच्या अंगावर येईल."

"वादळात उघडायचंच कशाला?"

शेजारची घूस तर हसलीच. "साळूताई, एवढी भित्री कधी झालीस?"

चार दिवस खपून साळूने फांद्यांचं दार विणलं आणि चिखलाने लिंपलं.

आठवड्याने वादळ आलं. घुशीच्या बिळात पाणी शिरलं. पिल्लांना घेऊन ती साळूकडे धावली. "ताई, दार उघड गं!"

"उघडलं तर आपली पिल्लं गारठतील," साळोबा घाबरून म्हणाला.

साळूने आतूनच हाक दिली, "घूसबाई, बाहेरचं दार लोटून आत ये. ते नीट लावून घे, मग मी हे उघडते."

घूस पिल्लांसह दोन दारांच्या मधे दाटीवाटीने उभी राहिली. बाहेरचं दार लागलं, मग आतलं उघडलं. साळूची पिल्लं जागीसुद्धा झाली नाहीत.