भाजलेली माती

"मग माझंच रोप तेवढं पिवळं का, बाबा?"

भैरवबाबांनी आधी कुंडीकडे पाहिलं, मग विश्वंभरकडे. दोघांनीही मान टाकलेली होती.

सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या मठात विश्वंभर सर्वांत हुशार शिष्य, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. स्वच्छतेच्या तर तो हात धुऊन मागे लागला होता. वेगळी चूल, वेगळी चटई, नखं लख्ख. मठातल्या माणसांमुळे आपली साधना बिघडते, असं त्याचं ठाम मत. समोरच्या डोंगरातल्या गुहेत एकट्यानं राहायची त्याला घाई झाली होती.

बाबांनी एवढंच सांगितलं होतं, "जांभळाचं रोप लाव. त्यानं जीव धरला की खुशाल जा."

त्याच सुमारास इतर शिष्यांनी लावलेली रोपं केव्हाच तरारली होती. याचं काही हलेना.

"माती कुठली घेतलीस?"

"इथलीच. पण चाळून, कढईत भाजून. किडा नाही, बुरशी नाही. पाणीसुद्धा गाळून घालतो."

"म्हणजे आत कोणीच नाही?"

"कोणी नाही, बाबा. निर्मळ माती."



बाबा उठले आणि अंगणातल्या म्हाताऱ्या जांभळाखाली उकिडवे बसले. खुरप्यानं पाला सारला. खाली काळी, ओलसर माती होती आणि तिच्यात सुताहून बारीक पांढरे तंतू, मुळ्यांना बिलगलेले.

"घे मूठभर."

"बाबा, ही तर बुरशी!"

"हिच्याच हातचं खाऊन हे झाड एवढं झालंय. घे."

विश्वंभरनं नाक मुरडत मूठ भरली आणि कुंडीत टाकली. इतक्या दिवसांच्या कष्टांवर पाणी पडलं म्हणून त्याला रडूच यायचं बाकी होतं.

"पण माझ्या मातीचं चुकलं काय?"

"दूध कितीही निर्मळ तापव, विरजणाला शेजारी जावंच लागतं."

थंडी पडू लागली तेव्हा रोपाला तांबूस, कोवळी पानं फुटली. विश्वंभर हरखून गेला. ज्यांच्याशी कधी धड बोलला नव्हता, त्यांना हाताला धरधरून त्यानं ती पानं दाखवली. मग त्यांच्या कुंड्यांतही जांभळाखालची माती घालत बसला. जेवायची वेळ टळली तरी त्याला भान नव्हतं.

एका सकाळी तो वळकटी बांधून बाबांसमोर उभा राहिला. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले.

"रोपानं जीव धरला, बाबा. आता जाऊ?"

"जा. शब्द दिलाय मी."

तो हलला नाही.

"तिथं... कोणीच नसेल ना?"

बाबा नुसते हसले.

पाया पडायच्या आधी हात धुवावेत म्हणून तो रांजणाकडे वळला.

"विश्वंभर..."

"जी?"

"हात धू. नखांतली माती राहू दे."