शेंड्यावरची सभा

फार जुनी गोष्ट. एका तळ्याचे पंच सगळे पक्षीच होते. त्यांनी ठरवलं, उद्यापासून म्हशींनी पाण्यावर जाताना वाळूतून जायचं.

कासवीण धापा टाकत आली. "धनेशदादा, त्या वाळूत माझी अंडी आहेत! आम्हाला विचारलंत का?"

"सभेला यायचं होतं," सरपंच धनेश म्हणाला. "तीन दिवस दवंडी दिली."

"सभा होती कुठं?"

"नेहमीचीच जागा. पिंपळाचा शेंडा."

"तिथं चढायला मला सात जन्म लागतील, दादा!"

म्हैस हसली. "आणि मी चढले तर पिंपळच खाली येईल. वाळूत पाय रुततात, हे सांगणार कुठं?"

धनेश ओशाळला. त्याने पंचांना खाली बोलावलं आणि काठावर पुन्हा सभा भरवली. वाट जुनीच राहिली.

पुढच्या सभेला कासवीण सर्वांत आधी पोचली. ती आदल्या दिवशीच निघाली होती.