देवीच्या आधीचा भात

आज देवीला नैवेद्य नाही. नारळ बाजूला ठेवा आणि पेढ्यांचा पुडा बांधलेलाच असू दे. दर्शन घ्या, ओटी भरा, त्याला कुणी नको म्हणत नाही. पण खाण्याची वस्तू आज तिच्यापुढे ठेवायची नाही. खालच्या वाडीतल्या एका पोरीला सकाळपासून कळा लागल्यात. ती सुटेपर्यंत आडशेतची माउली उपाशी.

असे बघू नका माझ्याकडे. भर दुपारी गाभारा उघडा, समई तेवतेय आणि देवीपुढे साधं केळीचं पानसुद्धा नाही, हे पाहून परगावची माणसं गोंधळतात. कुणी म्हणतं गुरव आळशी आहे, कुणी म्हणतं गावात सुतक आहे. गुरव आळशी आहे हे खरं. माझाच नवरा आहे, मला माहीत आहे. पण आजचं कारण ते नव्हे. बसा सावलीला, सांगते. गोष्ट ऐकून तुमचा गोंधळ कमी होईल, असं मात्र समजू नका. या घरात सून म्हणून आले तेव्हापासून ऐकते आहे आणि माझाही अजून पुरता मिटलेला नाही.

फार जुनी गोष्ट. तेव्हा देवळाला कौलं नव्हती, गवताचं छप्पर होतं असं सांगतात. देवळाला लागूनच, मधे दगड रचून केलेला एवढा एक गडगा, की पलीकडे आवडाबाईचं घर. आवडा म्हणजे गावातली खमकी बाई. नवरा लवकर गेला, पण तिने शेत पिकवलं, मुलगा आणि मुलगी वाढवली. मुलीचं नाव शेवंती. पहिलटकरीण म्हणून शेवंती माहेरी आली. कळा सुरू झाल्या, पोरीचा जीव घाबरा झाला, तशी आवडाने आपल्या हाताने तिला वाटीभर पेज पाजली. आईच ती, पाजणारच. पेज पोटात गेली आणि थोड्या वेळाने शेवंती गेली. मूलही गेलं.

कशाने गेली, कुणास ठाऊक. सुईण म्हणाली रक्त थांबलं नाही. भावकीतल्या बायका म्हणाल्या, कळा देताना अन्न घातलं, ते वर चढलं. बायकांचं काय, तोंडाला हात लावून बोलतात आणि घरी जाऊन आपल्या चुलीवर भाकरी टाकतात. पण आवडाच्या मनात ती पेज बसली ती बसलीच. त्या दिवसापासून तिने आपल्या हाताने कुणाला वाढलं नाही, असं म्हणतात. पुढे मुलाचं लग्न झालं, सुभद्रा सून म्हणून घरात आली, तेव्हापासून वाढायचं काम सुनेकडे.

सुभद्रेला दिवस गेले, तशी आवडा देवळात आली आणि नवस बोलली. सुनेला कळा लागल्यापासून मूल रडेपर्यंत माझ्या घरात चूल पेटणार नाही, कुणाच्या तोंडात शीत जाणार नाही, माझ्याही नाही आणि तिच्याही नाही. असा नवस आमच्याकडे कधी कुणी बोललं नव्हतं. लोक देवीला काही द्यायचं कबूल करतात. हिने भूक कबूल केली. पण तिच्या बाजूने बघा. अन्नाने एक लेक गेली असं जिला वाटतं, ती दुसरीला कशाने राखणार?

कळा लागल्या. आवडाने चुलीवर पाणी ओतलं. तिचा मान राखून वाडीतल्या बाकीच्या घरांनीही चुली विझवल्या. पहिला दिवस गेला, रात्र गेली, सुभद्रा काही सुटेना. ओठ सुकले, जीव काढून कळ द्यायची आणि मधेच डोळे फिरवायची. सुईण बाहेर येऊन आवडावर खेकसली.

"पोटात काय नाय तर जोर खयसून काढतली ती? वाईच पेज दी तिका."

आवडा उंबऱ्यात उभी राहिली. पेज दिली तर नवस मोडतो, आणि शेवंतीचं जे झालं तेच होणार. नाही दिली तर डोळ्यांदेखत ही चालली. इकडे आड, तिकडे विहीर. मग तिने ते केलं जे आमच्या गावात सगळेच करतात. मार्ग दिसेना, तेव्हा ती देवीला कौल लावायला आली.

कौल तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. गुरव देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि एक प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गाय हरवली, सोयरीक आली, विहीर कुठे खणायची, सगळं असंच ठरतं. तेव्हाचा गुरव रवळू, आमच्याच घरातला मूळ पुरुष. नैवेद्याचा भात देवळामागच्या चुलीवर ठेवून तो आला आणि त्याने पाकळ्या लावल्या. मानकरी जमले.

पहिला प्रश्न विचारला, सुनेला अन्न द्यावं काय? डावी पाकळी पडली. नाही.

बरं, मग उपाशी ठेवावी काय? पुन्हा डावीच पडली.

आता काय करायचं? एक मानकरी म्हणाला, "नाय म्हणजे नाय, अन्न दिवचा नाय." दुसरा म्हणाला, अहो पण उपाशी ठेवायलाही नाहीच म्हणाली ना. रवळूला वाटलं, पाकळ्या नीट भिजल्या नाहीत. त्याने दुसऱ्या आणल्या, हात धुतले, गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं. नुसतं पाणी द्यावं? डावी. गूळपाणी? डावी. नवसाचा दोष आहे? डावी. दोष नाही? तीही डावी. बिचाऱ्या देवीला होय आणि नाही यापलीकडे बोलता येत नाही, आणि माणसं तिला एकामागून एक विचारतायत. भांडणं जुंपली, जो तो दुसऱ्याला म्हणू लागला की तू प्रश्न चुकीचा घातलास. आवडा मात्र खांबाला धरून उभी होती. तिला रडूही येईना. कुठला हात पुढे करू, तेच तिला कळत नव्हतं.

हा सगळा कल्ला गडग्यापलीकडे ऐकू जात होता. सुभद्रेने सुईणीला विचारलं, काय चाललंय? सुईणीने सांगितलं. त्यावर सुभद्रा जे बोलली ते आमच्या गावात पोराबाळांनाही पाठ आहे. कळ ओसरली होती तेवढ्यात ती भिंतीला धरून उठली आणि खिडकीतून म्हणाली,

"मी काय खाऊचा, ता माका सोडून सगळ्या गावाक इचारतत. देवळात भात शिजता, त्येचो वास येता. तो माका व्हयो. पेजेसकट."

 अख्ख्या वाडीत तेवढी एकच चूल पेटलेली होती आणि तिच्यावरचा भात देवीचा होता. देवीच्या आधी तो कुणी खायचा नाही. शिवाय कळा देणाऱ्या बाईच्या खोलीत गेलेलं भांडं देवळात परत येत नाही. रवळूचा हात सवयीने पाकळ्यांच्या तबकाकडे गेला. देवीला विचारायला, दुसरं काय.

आवडाने त्याचा हात धरला. ती मूर्तीकडे वळली आणि म्हणाली, "नवस माझो, मोडतंय पन मीच. काय घेवचा आसात ता माझ्याकडसून घे. तिच्याकडसून नको." आणि तिने देवीच्या चुलीवरचं तपेलं उचललं.

खोलीत गेल्यावर मात्र तिचं अवसान गेलं. वाटी भरली, पण हात पुढे होईना. हीच वाटी, हीच पेज, हाच हात. सुभद्रेने वाट पाहिली आणि मग सासूचं मनगट धरून वाटी आपल्या तोंडाकडे ओढली. घोट घोट पेज प्याली, मऊ भात दोन घास खाल्ला, पाणी मागितलं. कळ आली की थांबायची, गेली की पुन्हा तोंड उघडायची. आवडा भरवत राहिली. दिवस कलताना मुलगी झाली. रडली चांगली खणखणीत. बाळ-बाळंतीण सुखरूप.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण आवडा उठली ती परत देवळात आली. नवस मोडल्याची शिक्षा घ्यायला आली, असं लोकांना वाटलं. तिने रवळूला पाकळ्या लावायला सांगितल्या. रवळूने विचारलं, प्रश्न काय घालू? ती म्हणाली, "माझी शेवंती माझ्या पेजेन गेली काय, तेवढा इचार."

बघा ना. सून वाचली, नात हातात आली, आणि बाईला आनंदच होईना. सून पेजेने वाचली असेल, तर लेक पेजेने कशी गेली? आणि लेक जर पेजेने गेली नसेल, तर इतकी वर्षं आपण कसली शिक्षा भोगली? मला विचाराल तर या प्रश्नाला तोंडच नाही. पण तिला तो सोडत नव्हता.

रवळूने पाकळ्या लावल्या. डावी पडली नाही. उजवीही पडली नाही. अंधार पडला, तरी दोन्ही तशाच. कुणी सांगतात, पहाटे वाऱ्याने उजवी पडली. कुणी सांगतात डावी. कुणी म्हणतात त्या सुकून तिथेच चिकटून राहिल्या. आमच्या घरात असं सांगतात, की रवळूने स्वतःच्या हाताने दोन्ही पाकळ्या काढल्या. गुरवाने कौल मोडायचा नसतो, पण त्याने मोडला. मग त्याने नवा भात शिजवला, केळीचं पान आणलं आणि ते देवीपुढे न मांडता आवडापुढे मांडलं.

"आवडावयनी, देवी अजून जेवूक नाय. तू जेवलस की ती जेवतली."

आवडा त्या पानाकडे बराच वेळ बघत बसली. मग जेवली. तिच्यानंतर देवी जेवली.

तेव्हापासून गावात कुणाला कळा लागल्या की देवीचा भात आधी तिच्याकडे जातो. तिला हवा तर ती खाते, नको तर पेज पिते, नाहीतर नुसतं पाणी. तिला विचारल्याशिवाय कुणी काही ठरवत नाही. आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात, तिथे डॉक्टरांनाही विचारावं लागतं. कधी म्हणतात खाऊ दे, कधी म्हणतात ऑपरेशन लागेलसं दिसतंय, काही देऊ नका. मग डबा झाकून ठेवतात. ती सुटली की मग, जी कोणी आई किंवा सासू जीव मुठीत धरून बसलेली असेल, ती जेवते. देवीचं पान सर्वांत शेवटी.

आजही आमच्या देवळात सगळे कौल लागतात, तेवढा एक लागत नाही. गेलेलं माणूस कशाने गेलं, माझं काय चुकलं, हे विचारायला कुणी आलं तर गुरव पाकळ्या भिजवत नाही. आत येऊन मला सांगतो, पान वाढ. परवाच एक बाई आली होती लांबून, नाव मी विचारलं नाही. वाढलं तिला. भाताला हात लावायला फार वेळ लावला तिने. मी समोर बसून राहिले. मग जेवली.