टेकाईचा मुखवटा

भाविकहो, त्या साली रायाजीमहाराज कासारओढे गावी टेकाईदेवीच्या ओवरीत मुक्कामाला होते. चैत्री यात्रेच्या सकाळी त्याच ओवरीत सारजा बसली होती. तिच्या पदराखाली तिच्या वडिलांनी, हरिशेट तांबटांनी घडवलेला देवीचा तांब्याचा मुखवटा होता.

हरिशेट माघात वारले. त्याआधी तीन वर्षे त्यांची दृष्टी गेली होती. गावाने परस्पर ठरवून टाकले, आता याचे काम संपले! अहो, डोळे गेले म्हणून माणसाचे हात मरतात का? ते पत्रा बोटांनी चाचपत, हातोडीचा आवाज ऐकत आणि ठोका कुठे चुकला ते डोळसांच्या आधी सांगत. मुखवटा करायला घेतला तेव्हा महाराजांनी स्वतः त्यांना गाभाऱ्यात नेले, त्यांचे तळवे देवीच्या मुखावर टेकवले आणि म्हणाले, "हरिशेट, पोटभर बघून घ्या." त्यानंतर दोन वर्षे ते त्या एका पत्र्यावर बसले.

तयार मुखवटा पाहून देवस्थानचे पुढारी जयवंतराव देशमुख भरल्या सभामंडपात हसले. "ओठ वाकडा, डाव्या गालाला टेंगूळ! आंधळ्यानं देवीचं तोंड पार बिघडवलं की!" मग सगळा मंडप खदखदला. हरिशेट तिथेच उभे होते. कान तर शाबूत होते ना त्यांचे! ते एवढेच म्हणाले, "आई अशीच आहे." तो अपमान गिळूनच ते गेले.

आणि आज देशमुखांनी शहरातून चांदीचा मुखवटा आणला होता. ओवरीशी थांबून ते म्हणाले, "सारजे, दे तो पत्रा. वितळवून घंटेत घालू, निदान वाजेल तरी!"

सारजाच्या अंगाची लाही लाही झाली. "माझ्या बाबांचे हात आहेत यात! मोडीत घालू देणार नाही मी. महाराज, तुम्ही तरी बोला!"

महाराज म्हणाले, "पोरी, आधी त्यांची चांदी चढू दे."

ढोल वाजू लागले. पुजाऱ्याने मेण लावून चांदीचा मुखवटा देवीला चढवला आणि कडकन आवाज झाला! पिढ्यान्‌पिढ्या चढलेले शेंदराचे वीतभर कवच कपाळापासून हनुवटीपर्यंत तडकले आणि चांदीसकट खाली आले. लोक घाबरून मागे सरले. देशमुख सारजावर उखडले, "आंधळ्याच्या या पोरीनं अपशकुन केला! हाकला हिला!"

महाराजांचा आवाज कधी कोणी चढलेला ऐकला नव्हता. तो त्या दिवशी चढला. "देशमुख! दिवा घ्या आणि आईचं तोंड बघा!"

देशमुखांनी दिवा धरला. कवचाखालची काळी शिळा उघडी पडली होती. देवीने तोंडात विडा धरला होता! त्याने डावा गाल फुगला होता आणि ओठ किंचित वाकला होता. हुबेहूब हरिशेटांचा मुखवटा! हयात असलेल्या कोणी हे रूप पाहिले नव्हते.

"एवढ्या शेंदरातून बोटांना काय कळणार?" महाराज म्हणाले. "आईनंच त्यांना दाखवलं. तुम्हाला डोळे होते, तुम्ही हसलात!"

देशमुख महाराजांच्या पायांकडे वाकले. महाराज बाजूला झाले. "माझ्या नव्हे."

तेव्हा ते सारजापुढे आले आणि पुटपुटले, "चुकलो, बाई."

"हसलात ते मंडपभर ऐकू गेलं होतं," सारजा म्हणाली. "आता एवढं हळू का?"

देशमुखांनी पागोटे उतरवले. बापाच्या वयाच्या त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा अहोजाहो करीत ते सगळ्या यात्रेदेखत ओरडले, "हरिशेट, तुमचंच खरं होतं! मी हसलो, मी चुकलो!"

सारजाने तांब्याचा मुखवटा आपल्या हातांनी देवीला चढवला. मेणाचा ठिपकाही लागला नाही. देशमुखांनी उंबऱ्यावर कपाळ टेकले, आणि सारजा 'उठा' म्हणेपर्यंत ते उचलले नाही.