शेळीच्या तोंडचा मोगरा

माघात आमच्या वेळणेगावात आलेला पाहुणा हमखास विचारतो, दारोदारी ह्या नुसत्या काड्या कशाला लावून ठेवल्यात? अहो, काड्या नव्हेत त्या, मोगरा आहे. माघात त्याच्यावर पान म्हणून ठेवत नाही आम्ही, आणि तेही आपल्या हाताने काढत नाही. त्यामागे भिवराबाईची गोष्ट सांगतात.

भिवराबाईची सून बाळंतपणात अडली होती. तेव्हा बाई गावदेवीला नवस बोलली, पोरीची सुटका होऊ दे, चैत्रात घरच्या मोगऱ्याने तुझा गाभारा भरीन. सून सुखरूप सुटली, नातू झाला. मोगरा दाराशी होताच. बाईने त्याला रोज कळशीने पाणी घातलं, शेणखत घातलं, लेकरासारखा जपला. त्यानेही पानं अशी धरली की मागची भिंत दिसेना, पण फूल मात्र औषधापुरतं! एक चैत्र गेला, दुसरा गेला. देवीचं देणं राहिलेलं. नातवाचं अंग जरा तापलं तरी बाई देवळात जाऊन देवीकडे मुदत मागून येई.

अशात माघात शेजारच्या येसूबाईची शेळी दावं तोडून आली आणि अख्खा मोगरा ओरबाडून गेली. भिवराबाईने येसूच्या सात पिढ्या उद्धरल्या म्हणे. दोन घरांतून विस्तव जाईना. आता कसला मोगरा आणि कसला नवस, म्हणून तिने झाडाचं पाणीही तोडलं. फाल्गुनात सुनेलाच दया आली, तिने दोन कळश्या ओतल्या.

मग काय सांगावं! काडीकाडीला फुटवा आणि फुटव्याफुटव्याला कळ्यांचे घोस. चैत्रात गाभारा भरून फुलं उंबऱ्याबाहेर आली. बाई देवळातून निघाली ती थेट येसूच्या दारात. शेळीला कुंकू लावलं आणि खाली मान घालून म्हणाली, "येसू, नवस मी बोलले, पण फेडला तुझ्या शेळीने. दर माघात तिला धाडत जा."

"धाडीन की," येसूबाई म्हणाली, "पण बोलवायला तू यायचंस."

आजही माघात मोगऱ्यावर सोडायची शेळी आणतात ती ज्या घराशी अबोला असेल त्याच घरून, आणि बोलवायला घरच्या मोठ्या माणसाने स्वतः जायचं. त्यामुळे आमच्या गावात कुठलंही भांडण माघाच्या पुढे जात नाही. ज्यांचं कुणाशीच वाकडं नसतं, त्यांची मात्र पंचाईत होते. ते बिचारे पौषातच कुणाशी तरी थोडंसं भांडून ठेवतात.