टिचकूचं घर आणि लाल बॅग

मांडीवर बसलात? अंगठा तोंडातून बाहेर काढलात? मग ऐका.

समुद्राकाठी राहायचा टिचकू. टिचकू म्हणजे शंखातला खेकडा. केवढा? वाटाण्याएवढा! या खेकड्यांची पाठ फार मऊ. म्हणून ते रिकाम्या शंखात राहतात. घर पाठीवर घेऊनच फिरतात. भूक लागली, की बाहेर. भीती वाटली, की आत. टक!

एका सकाळी टिचकू वाटेवर ऊन खात बसला होता. तेवढ्यात आली एक गाडी. थेट सांगलीहून आली. गाडीतून उतरली बकुळ. धावत सुटली वाळूत. मग उतरले बाबा. मग उतरली आई. आणि छोटा गुंडू? तो कसला उतरतोय! तो आईच्या कडेवर.

समुद्राजवळचा एक फ्लॅट त्यांनी भाड्याने घेतला होता. चार दिवसांसाठी. अंगणातून तीन पायऱ्या चढल्या, की दार.

बाबांनी ओढली लाल बॅग. बॅगेला चाकं. गडगड, गडगड, गडगड!

"अगं आई गं!" टिचकू एवढा घाबरला, की आत शिरायचंच विसरला. शंख टाकून सुळकन बाहेर पळाला. बरं झालं पळाला! कारण चाक आलं आणि... कट्ट! शंखाचा चुरा झाला.

बाबांना कळलंसुद्धा नाही. बाबा पुढे, बॅग मागे. गडगड, गडगड, गडगड.

टिचकूची मऊ पाठ उघडी पडली. वर कडक ऊन. माडावर टपलेला कावळा. टिचकू थोडंसं रडला. मग म्हणाला, "रडत बसलो, तर तो कावळा मला खाईल. चला, घर मागू या."

आणि टिचकू निघाला. तिरका तिरका, टुकूटुकू. खेकडाच तो, सरळ कुठला चालतोय!

वाटेत भेटली मणीताई. तीही शंखातली. चिंचोक्याएवढी.

"ताई, ताई, घर सोड!
माझी पाठ उघडी पडली,
मला घर कोण देणार?"

मणीताई म्हणाली, "सोडते की रे! मला हे घट्टच होतंय. पण मग मी कुठे जाऊ? आधी गोटूदादाने त्याचं घर सोडू दे. मग मी माझं सोडते."

टिचकू निघाला. तिरका तिरका, टुकूटुकू.

खडकाखाली बसला होता गोटूदादा. सुपारीएवढा.

"दादा, दादा, घर सोड!
ताई घर सोडत नाही,
माझी पाठ उघडी पडली,
मला घर कोण देणार?"

गोटूदादा म्हणाला, "सोडतो की! वाकून वाकून माझी मान दुखते यात. पण मी उघडा फिरू? छे बुवा! आधी ढब्बूमामांनी त्यांचं घर सोडू दे. मग मी माझं सोडतो."

टिचकू निघाला. तिरका तिरका, टुकूटुकू.

होडीच्या सावलीत पसरले होते ढब्बूमामा. चांगले लिंबाएवढे. अर्धे शंखात, अर्धे बाहेर.

"मामा, मामा, घर सोडा!
दादा घर सोडत नाही,
ताई घर सोडत नाही,
माझी पाठ उघडी पडली,
मला घर कोण देणार?"

ढब्बूमामा म्हणाले, "काय सांगू रे बाळा! मी मावतोय का यात? एक मोठा शंख मी हेरून ठेवला होता. छान, गुळगुळीत. पण आत्ता ती मुलगी आली आणि उचलून घेऊन गेली. तिने शंख देऊ दे. मग मी घर सोडतो."

टिचकू निघाला. तिरका तिरका, टुकूटुकू.

फ्लॅटच्या पायरीवर बसली होती बकुळ. गाल फुगवून. शंख कानाला लावून.

"बकुळ, बकुळ, शंख दे!
मामा घर सोडत नाहीत,
दादा घर सोडत नाही,
ताई घर सोडत नाही,
माझी पाठ उघडी पडली,
मला घर कोण देणार?"

बकुळ म्हणाली, "नाही देणार, जा! सहा तास मी गाडीत बसले. 'आला का समुद्र? आला का समुद्र?' करत. आता समुद्र आला, तर मला पाण्यात कुणी नेत नाही. म्हणून मी शंखातला समुद्र ऐकते. बाबांनी मला खऱ्या समुद्रात नेऊ दे. मग हा समुद्र देते."

टिचकू निघाला. तिरका तिरका, टुकूटुकू.

अंगणातल्या खुर्चीत पसरले होते बाबा. पाय लांब. डोळे बंद. शेजारी लाल बॅग. बॅग बघून टिचकू दोन पावलं मागे सरला. तरी तो पुढे गेला. शहाणा माझा टिचकू!

"बाबा, बाबा, पाण्यात चला!
बकुळ शंख देत नाही,
मामा घर सोडत नाहीत,
दादा घर सोडत नाही,
ताई घर सोडत नाही,
माझी पाठ उघडी पडली,
मला घर कोण देणार?"

बाबांनी एक डोळा उघडला. "अरे, सहा तास गाडी चालवली मी! चहा घेतल्याशिवाय मी उठत नाही. सांगलीतही नाही आणि इथेही नाही. आईला चहा करू दे. मग मी पाण्यात जातो."

"तुम्हीच करा की चहा!" टिचकू म्हणाला.

"मागच्या सहलीत केला होता," बाबा हळूच म्हणाले. "परक्या घरातले डबे. मी साखर समजून मीठ घातलं. तेव्हापासून मला ओट्याजवळ कुणी उभं करत नाही."

टिचकू निघाला. तिरका तिरका, टुकूटुकू. एक पायरी, दोन पायऱ्या, तीन पायऱ्या. हुश्श!

दारातच उभी होती आई. कडेवर गुंडू. गुंडूचे दोन्ही हात आईच्या गळ्यात. घट्ट!

"आई, आई, चहा कर!
बाबा पाण्यात जात नाहीत,
बकुळ शंख देत नाही,
मामा घर सोडत नाहीत,
दादा घर सोडत नाही,
ताई घर सोडत नाही,
माझी पाठ उघडी पडली,
मला घर कोण देणार?"

आई म्हणाली, "करते की रे राजा! मलाही हवाय चहा. पण कशाने करू? नाकाने? या गुंडूला वाळू आवडत नाही. पायाला लागली, की भोकाड पसरतो. अंगणात वाळू, पायरीवर वाळू, फरशीवर वाळू. सकाळपासून खाली उतरला नाहीये. गुंडूला उतरू दे. मग मी चहा करते."

आता टिचकूला कुठे जायची गरजच नव्हती. त्याने नुसतं वर बघितलं.

"गुंडू, गुंडू, खाली उतर!
आई चहा करत नाही,
बाबा पाण्यात जात नाहीत,
बकुळ शंख देत नाही,
मामा घर सोडत नाहीत,
दादा घर सोडत नाही,
ताई घर सोडत नाही,
माझी पाठ उघडी पडली,
मला घर कोण देणार?"

गुंडूला दोनच शब्द यायचे. एक 'नाय'. आणि एक 'हाड'. सांगलीला गच्चीवर आई पापड वाळत घालायची. तेव्हा गुंडू शेजारी बसून कावळे हाकलायचा. तिथे शिकला होता.

गुंडूने खाली बघितलं. वाळू बघितली. दोन्ही पाय वर ओढून घेतले.

"नाय!" गुंडू म्हणाला.

झालं! आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नाही. टिचकूला फार फार वाईट वाटलं. तो पायऱ्या उतरला. टुप, टुप, टुप. अंगणाच्या मधोमध बसून राहिला. एकटा. उघडा.

माडावरून कावळ्याने बघितलं. पंख पसरले. फडफड फडफड!

"काव!"

टिचकू पळाला. तिरका तिरका, टुकूटुकू! कावळा मागे. इकडे पळाला, तिकडे पळाला. टुकूटुकू टुकूटुकू! आत शिरायला घर कुठे होतं?

कावळ्याने चोच उघडली, आणि...

"हाड!"

कोण ओरडलं? गुंडू! आईच्या कडेवरून घसरला. पायऱ्या बुडाने उतरला. धप, धप, धप. आणि धावला वाळूतून.

"हाड! हाड! हाड!"

कावळा एवढा दचकला, एवढा दचकला, की उलटाच उडाला. गेला दिसेनासा.

मग गुंडू थांबला. त्याने खाली बघितलं. बाप रे! पाय वाळूत! दोन्ही पाय!

आई थांबली. बाबा थांबले. बकुळ थांबली. टिचकूसुद्धा थांबला. आता भोकाड पसरतो की काय?

गुंडूने एक बोट हलवलं. मग दुसरं हलवलं. मग सगळी हलवली.

"खी खी खी!" गुंडू हसला. वाळू गुदगुल्या करत होती की हो!

आणि मग काय! अडकलेली गोष्ट सुटली.

गुंडू खाली उतरला, आईचे हात सुटले. आईने चहा केला. आधी साखर चाखून बघितली, मग घातली. खळखळ, खळखळ!

बाबांनी चहा घेतला. फुर्र, फुर्र! "आहाहा!" म्हणाले आणि टुणकन उठले.

बाबांनी बकुळला पाण्यात नेलं. लाट आली. फुस्स! बकुळने उडी मारली. छपाक! लाट आली. फुस्स! बाबाच आडवे झाले. छपाक! बकुळ हसून हसून लोळली.

मग बकुळ ओली ओली परत आली. शंख एकदा कानाला लावला. "टाटा, छोट्या समुद्रा," म्हणाली. आणि शंख हळूच ढब्बूमामांसमोर ठेवला.

गंमत बघा हं! सगळे खेकडे आले. रांगेत उभे राहिले. सगळ्यात पुढे ढब्बूमामा. मागे गोटूदादा. मागे मणीताई. सगळ्यात शेवटी टिचकू. बकुळ पोटावर झोपून बघत होती. शेजारी गुंडू. गुंडूच्या नाकाला वाळू!

ढब्बूमामा मोठ्या शंखात शिरले. सुळकन! टक!
मामांच्या घरात गोटूदादा शिरला. सुळकन! टक!
दादाच्या घरात मणीताई शिरली. सुळकन! टक!
ताईचं घर रिकामं झालं.

टिचकूने आत डोकावून बघितलं. गार गार. गुळगुळीत. थोडं मोठंच होतं. पण टिचकूही मोठा होणारच होता ना! तो पाठमोरा वळला. सुळकन! टक!

"मिळालं!" आतून आवाज आला. "मला घर मिळालं!"

"तुझं आधीचं घर कुठे गेलं रे?" बकुळने विचारलं.

टिचकूने नांगी बाहेर काढली. लाल बॅगेकडे दाखवली. चाकात अजून शंखाचा तुकडा अडकला होता. इवलासा. बकुळने तो बघितला. बॅगेजवळ धावली. तुकडा काढून खिशात ठेवला.

चार दिवस मज्जाच मज्जा झाली. मग आला घरी जायचा दिवस. डबे आवरले. चादरी झटकल्या. किल्ली दारात ठेवली. बाहेर दुसरी गाडी येऊन उभी होती. आता त्या घरात ती माणसं राहणार होती.

बाबांनी लाल बॅगेची मूठ धरली.

"बाबा, थांब!" बकुळ ओरडली. "ओढू नकोस! उचल!"

"अगं, जड आहे ती! आणि चाकं कशाला दिलीत मग?"

बकुळने खिशातून शंखाचा तुकडा काढला. बाबांच्या हातावर ठेवला. "हे टिचकूचं घर होतं. तुझ्या बॅगेने मोडलं."

बाबांनी तुकडा बघितला. वाट बघितली. वाटेवर केवढी तरी छोटी छोटी घरं ऊन खात बसली होती.

"अरेरे! चुकलंच माझं," बाबा म्हणाले. आणि ती जड जड बॅग त्यांनी उचलली. थेट डोक्यावर घेतली! पाय जपून टाकत निघाले. हळू, हळू, हळू.

नव्या गाडीतल्या काकांनी विचारलं, "काय हो, चाकं मोडली का?"

"नाही हो," बाबा म्हणाले. "खाली माणसं... म्हणजे खेकडे राहतात."

काकांनी वाकून बघितलं. मग त्यांनीही बॅग उचलली. काकूंनी पिशवी उचलली. त्यांच्या चिमुकलीने छोटी चाकांची गाडी उचलली. सगळे चालले. हळू, हळू, हळू.

गडगड नाही. कट्ट नाही.

वाटेच्या मधोमध टिचकू बसला होता. माणसं त्याला जपून ओलांडून गेली. तो घाबरला नाही. आत शिरला नाही. त्याने एक नांगी हलवली. बकुळने हात हलवला. गुंडूनेही हलवला. आणि जाता जाता माडाकडे बघून ओरडला,

"हाड!"

गोष्ट शिरली शंखात, तुम्ही शिरा पांघरुणात. सुळकन! टक!